सदैव कामावर : पोलीस शिपायाच्या जीवनाचा एक मागोवा

सन १८६१ च्या पाचव्या कायद्यात, म्हणजे हिंदुस्थानच्या पोलीस कायद्यात, एकूण सत्तेचाळीस कलमे होती. त्यांतील बाविसाव्या कलमात असे तत्त्व घालून देण्यात आले की, पोलीस हा नेहमीच कामावर आहे असे समजले जाईल आणि जिल्ह्याच्या कोणत्याही भागात त्याला कधीही नेमता येईल. वरवर पाहता हे कलम निरुपद्रवी वाटते. रजेवर असलेल्या शिपायाच्या डोळ्यांदेखत चोरी झाली तर ‘आज माझी पाळी नाही’ असे म्हणून त्याने पाठ फिरवू नये, इतकाच त्याचा हेतू असावा असे वाटते. परंतु पुढील दीड शतकात या एका कलमाने पोलीस शिपायाच्या जीवनाला जे वळण दिले, ते पाहिले म्हणजे कायद्यातील एखादे वाक्य माणसांच्या किती पिढ्यांवर अंमल गाजवू शकते याची कल्पना येते.

इंग्रजी अमलापूर्वी महाराष्ट्रात पोलीस नव्हते असे नाही. मात्र पोलीस नावाचे वेगळे खाते नव्हते. गावाच्या राखणीची जबाबदारी पाटलावर असे आणि प्रत्यक्ष पहारा गावचा जागल्या करी. महार, रामोशी, भिल्ल, बेरड अशा समाजांतील माणसांकडे प्रदेशपरत्वे हे काम असे. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढावा. तो माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचला, की पुढील शोधाचे ओझे त्या गावावर जावे, आणि माग जेथे थांबेल त्या गावाने नुकसानभरपाई द्यावी, अशी ही रीत होती. तिच्यात दोष पुष्कळ होते. पण राखण करणारा माणूस ज्यांची राखण करी त्यांच्यातलाच होता. शहरांत कोतवाल असे. पुण्याचा घाशीराम कोतवाल १७९१ साली संतप्त जमावाच्या हातून कसा मारला गेला, हे मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. अधिकार बेलगाम झाला म्हणजे त्याची अखेर कशी होते, याचे ते उदाहरण ठरले.

नव्या पोलिसांचा आरंभ सिंधमध्ये झाला. १८४३ साली सिंध जिंकल्यावर सर चार्ल्स नेपियर याने तेथे जे पोलीस दल उभारले, त्याचा नमुना लंडनच्या पोलिसांचा नव्हता, तर आयर्लंडमधील सशस्त्र दलाचा होता. लंडनचा पोलीस हा गणवेशातील नागरिक मानला जाई. आयर्लंडमधील दल मात्र जिंकलेल्या प्रजेला धाकात ठेवण्यासाठी होते. हाच नमुना मुंबई इलाख्यात आला आणि १८५७ च्या उठावानंतर नेमलेल्या १८६० च्या पोलीस आयोगानंतर देशभर स्थिरावला. मुंबई इलाख्यासाठी १८६७ आणि १८९० साली जिल्हा पोलिसांचे स्वतंत्र कायदे झाले. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबई पोलीस कायदा आला. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात ‘नेहमी कामावर’ हे तत्त्व पुन्हा अवतरले. फक्त ‘जिल्ह्या’च्या जागी ‘राज्य’ आले. नाव बदलून हाच कायदा आज महाराष्ट्रात आणि गुजरातेत लागू आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १९६३ साली त्या राज्याने स्वतःचा पोलीस कायदा केला. हे तत्त्व मात्र तेथेही कायम राहिले. सीमा बदलल्या, दप्तराची भाषा बदलली, शिपायाचा दिवस काही बदलला नाही.

या नव्या रचनेत आणखी एक गाठ घट्ट बसली होती. १८५५ साली मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाने वसुलीच्या आणि पोलिसांच्या कामात मारहाण सर्रास होते, हे उजेडात आणले. अशा अनुभवांचा परिणाम म्हणून १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात पंचविसावे कलम आले. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, असे ते कलम सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे संरक्षण कायम ठेवले आहे. नागरिकाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते आणि आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीच्या बाबतीत जे घडले आणि ज्यातून पुढे १९८३ साली बलात्कारविषयक कायदा बदलावा लागला, ते आठवले म्हणजे हा अविश्वास निराधार होता असे कोणी म्हणणार नाही. तथापि शिपायाच्या बाजूने पाहिले तर चित्र विलक्षण दिसते. ज्याला कायदा चोवीस तास कामावर समजतो, त्याच्या शब्दावर तोच कायदा विश्वास ठेवत नाही.

१९०२-०३ साली सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने पोलीस खात्याची झडती घेतली. दल अकार्यक्षम आहे, शिक्षणात कमी पडते आणि लोक त्याला लाचखाऊ व जुलमी समजतात, असा त्याचा निष्कर्ष होता. शिपायाचे किमान वेतन दरमहा ८ रुपये असावे, असे आयोगाने सुचविले; यावरून त्यापूर्वीची स्थिती काय असेल याची कल्पना करता येते. सब-इन्स्पेक्टरांची, म्हणजे आपल्याकडच्या फौजदारांची, सरळ भरती व्हावी ही सूचना अमलात आली आणि त्यांच्या शिक्षणासाठी मुंबई इलाख्यात शाळा निघाली. तीच पुढे नाशिकला स्थिरावली. परंतु याच आयोगाने शिपायाकडे मात्र पहारा, गस्त, कैद्यांची ने-आण अशी ठरीव कामेच ठेवली. तपास अधिकाऱ्याने करावा, विचार अधिकाऱ्याने करावा, शिपायाने हुकूम पाळावा, अशी विभागणी झाली. दलात संख्येने सर्वांत मोठा असलेला वर्ग अशा रीतीने बुद्धीचे काम नाकारलेला वर्ग झाला.

सामान्य वाचकाला पोलिसाचे काम म्हणजे चोर पकडणे असे वाटते. प्रत्यक्षात ठाण्यातील शिपायाचा बहुतेक वेळ वेगळ्याच कामांत जातो. समन्स बजावणे, कैद्याला न्यायालयात नेऊन परत आणणे, मुद्देमाल सांभाळणे, पंचनाम्यासाठी पंच शोधणे, बेवारस प्रेत शवविच्छेदनासाठी पोहोचविणे, रात्री गस्त घालणे, आणि यांवर कडी म्हणजे बंदोबस्त. यात्रा, निवडणूक, मोर्चा, परीक्षा, मंत्र्यांचा दौरा, क्रिकेटचा सामना, यांपैकी काहीही असो, शिपाई उभाच. अनंत चतुर्दशीला गावाचे गणपती निर्विघ्नपणे पाण्यात जावेत म्हणून तो दिवसरात्र रस्त्यावर असतो. घरचा गणपती त्याच्या मुलांनी कोणाच्या तरी सोबतीने विसर्जित केलेला असतो. दिवाळीत रजा मागू नये, हे त्याची पत्नी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शिकते. पोलीस लाईनीतील एक-दोन खोल्यांचे घर निवृत्तीबरोबर सोडावे लागते, त्यामुळे मुलीचे लग्न आणि स्वतःचे छप्पर या दोन काळज्या एकाच वेळी दाराशी येतात. खात्यात त्याची ओळख पुष्कळदा नावाने नव्हे, तर बक्कल नंबराने होते.

या सगळ्यांहून अवघड प्रसंग येतो तो आपल्याच माणसांसमोर लाठी घेऊन उभे राहण्याचा. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात जो प्रक्षोभ उसळला, त्यात मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळण्यात आली आणि दोन पोलीस मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. सोलापूर त्या चार हुतात्म्यांना विसरलेले नाही, आणि ते योग्यच आहे. त्या दोन पोलिसांची नावे मात्र लोकांच्या स्मरणात राहिली नाहीत. परक्या सत्तेचे नोकर म्हणून ते मेले. पण कोणत्या गरजेने ते त्या नोकरीत आले होते, हा प्रश्न इतिहासाने विचारलेला नाही. सीमाभागातील वाचकांना १७ जानेवारी हा दिवस वेगळा सांगावा लागत नाही. १९५६ साली त्या दिवशी बेळगावात गोळीबार झाला, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होते. समोर घोषणा देणारे लोक आणि हुकमाची वाट पाहणारे शिपाई हे एकाच राज्याचे रहिवासी होते. गोळीचा हुकूम देणाऱ्याचे नाव कागदावर राहते. तो पाळणाऱ्याच्या मनात काय राहते, याची नोंद कोणतेही दप्तर करीत नाही.

स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांनी या माणसाकडे प्रथमच नीट पाहिले गेले. १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमण्यात आला आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये त्याने सादर केलेला पहिलाच अहवाल शिपायांच्या प्रश्नांना अग्रस्थान देणारा होता. कनिष्ठ पोलिसांना रोज दहा ते सोळा तास काम करावे लागते, याची नोंद त्यात आहे. घरे, वेतन, बढती, तक्रार मांडण्याची व्यवस्था यांबाबत शिफारशी आहेत. अधिकाऱ्यांच्या घरी शिपायांना ऑर्डर्ली म्हणून राबविण्याची पद्धत बंद करावी असेही स्पष्ट म्हटले आहे. शिपायाला यंत्र न मानता विचार करणारा कर्मचारी मानावे, हा त्या अहवालाचा गाभा होता. फ्रेझर आयोगाने बांधलेली गाठ सोडविण्याचा हा प्रयत्न होता.

पण अहवालाची शाई वाळते न वाळते तोच असंतोष रस्त्यावर आला. १९७९ च्या उन्हाळ्यात पंजाबपासून सुरू झालेले पोलिसांचे आंदोलन अनेक राज्यांत पसरले. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना स्थापण्याच्या हक्कावर आधीच मर्यादा घातल्या होत्या. मुंबईत १८ ऑगस्ट १९८२ रोजी पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली आणि पुढाऱ्यांना अटक झाली. तेव्हा शिपाई रस्त्यावर उतरले, दंगली उसळल्या आणि लष्कर बोलवावे लागले. अनेकांना बडतर्फ करण्यात आले. ज्यांच्यावर शांततेचा भार, त्यांनीच ती मोडावी, हे समर्थनीय नव्हते. पण दाद मागण्याची सर्व दारे बंद असली म्हणजे माणूस भिंत फोडू पाहतो, हेही तितकेच खरे. कर्नाटकात २०१६ च्या जूनमध्ये पोलिसांनी सामूहिक रजेची हाक दिली तेव्हा तक्रारी जवळजवळ त्याच होत्या : अपुरे वेतन, न मिळणारी रजा, वरिष्ठांची वागणूक. त्या वर्षी राघवेंद्र औरादकर यांच्या समितीने वेतनाविषयी अहवाल दिला.

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर पोलीस सुधारणांचे आदेश दिले. हैदराबादच्या प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालयाने २०१४ साली केलेल्या अभ्यासात ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक काम करतात, आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी घेता येत नाही, असे आढळले. २०१९ च्या एका देशव्यापी पाहणीत पोलिसाचा सरासरी दिवस चौदा तासांचा भरला. या अंधारात एक कवडसा दिसला तो मुंबईच्या देवनार ठाण्यात. २०१६ साली तेथे आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला आणि ती कल्पना एका शिपायाने मांडलेली होती. ज्याला विचार करण्याचे काम नाही असे फ्रेझर आयोगाने ठरविले, त्यानेच आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर साताऱ्याच्या केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना दहशतवाद्याची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि त्याला जिवंत पकडणे शक्य केले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. समाजाने त्यांच्यापुढे मस्तक नमविले, हे उचितच झाले. पण पोलिसाचा गौरव त्याच्या मरणानंतर करणे सोपे असते. जिवंतपणी त्याला आठवड्याची सुट्टी देणे अवघड जाते.

मराठी ग्रंथालयांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना पुरविल्या. त्यांत झुंजार आणि धनंजय आहेत. चौकीवर रात्र काढणारा शिपाई मात्र कथेच्या कडेलाच राहिला. श्री. दा. पानवलकरांनी ‘सूर्य’ या कथेत गणवेशाच्या आतल्या माणसाची घुसमट मांडली, आणि तिच्यावरून १९८३ साली ‘अर्धसत्य’ हा चित्रपट निघाला. पण ती कथाही फौजदाराची आहे. शिपायाचे आत्मकथन, त्याच्या पत्नीच्या आठवणी, पोलीस लाईनीचे जग यांना मराठी ग्रंथसंग्रहात अजून फारच थोडी जागा मिळाली आहे.

हा प्रश्न केवळ एका नोकरवर्गाच्या सुखसोयींचा नाही. मध्यरात्री ठाण्याची पायरी चढणारी स्त्री, पाकीट गेलेला प्रवासी, खोट्या फिर्यादीत अडकलेला गरीब माणूस, यांची शासनाशी पहिली गाठ पडते ती याच शिपायाशी. तो सोळा तास उभा राहून थकलेला असेल, वरिष्ठांकडून अपमानित झालेला असेल, तर त्या थकव्याची आणि अपमानाची किंमत समोरच्या दुबळ्या नागरिकाला मोजावी लागते. कबुलीजबाबावरील अविश्वासाचे कलम नागरिकाच्या रक्षणासाठी राहिलेच पाहिजे. शिपायाला नेहमी कामावर समजणारे कलम मात्र संकटकाळापुरते ठेवून एरवी त्याच्या दिवसाला आरंभ आणि शेवट दिला गेला, तर त्याचा लाभ त्याच्याइतकाच गावालाही होईल.