संत्रा: फळाचं नाव, बाटलीचं नाव



मागच्या आठवडी बाजारात आमच्यातली एक जण पाटी घेऊन बसली होती. "संत्रा घ्या, गोड संत्रा!" असा तिचा आवाज चालला होता. जाता जाता एकानं विचारलं, "फयातला का बाटलीतली?" आजूबाजूचे हसले. तिनं पाटीवरचं फडकं सारखं केलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला नुसतं "घ्या, गोड घ्या" म्हणाली. फळाचं नावच तिनं गिळलं. तेव्हा आम्ही ठरवलं, या नावाची वंशावळ एकदा रेडिओवर सांगायची.

नारंगी हे या कुळातलं जुनं नाव. मूळ शब्द दक्षिणेतल्या द्राविडी भाषांतला असावा, असं अभ्यासक मानतात. संस्कृतात तो नारंग झाला. अमरकोशात या झाडाला नागरंग आणि ऐरावत अशीही नावं आहेत. ऐरावत म्हणजे इंद्राचा हत्ती. एवढ्याशा फळाला केवढा मान! पुढे नारंग फारसीत गेला, अरबीत नारंज झाला, स्पेनमध्ये नारांहा झाला. इंग्रजीत पोचेपर्यंत पुढचा 'न' गळाला आणि ऑरेंज उरलं. आपल्या पोरी शाळेत 'ओ फॉर ऑरेंज' म्हणतात, तो शब्द आपल्याकडूनच गेलेला आहे. लुगड्याच्या नारिंगी रंगालाही नाव याच फळानं दिलं.

मग संत्रा कुठून आला? पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून, असं काही जण सांगतात. पण बाबरानं आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातली फळं नोंदवली, त्यात नारंज वेगळं आणि संतरा वेगळं आहे. बाबर वारला 1530 साली. पोर्तुगीज या देशात आले 1498 साली. तीसेक वर्षांत एक परकं नाव थेट उत्तरेत इतकं रुळेल, हे पटणं कठीण आहे. फारसीत याला संगतरा म्हणत. 'संग' म्हणजे दगड. इतक्या रसाळ फळाला दगडाचं नाव नको, म्हणून दिल्लीच्या मुहम्मद शाह बादशहानं त्याला रंगतरा म्हणायला लावलं, अशी गोष्ट सांगतात. बादशहाचा शब्द फार टिकला नाही. बाजारानं संत्राच ठेवला.

बाबराच्या त्याच यादीत जंबीरीही आहे. वरुडजवळच्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत आजही संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. पुस्तकातला शब्द तिथं अजून मातीत उभा आहे.

आपल्या भागात संत्रा नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादहून आणला, असं सांगितलं जातं. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही 'नागपूर संत्रा' याच नावानं. पण राज्यात संत्र्याखालचं सर्वांत जास्त क्षेत्र आहे आपल्या अमरावती जिल्ह्यात. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर इथल्या बागा, आणि इकडे अकोल्यात अकोटच्या. माल आपला, नाव शेजारच्या शहराचं.

तरी बागेतली नावं आपलीच आहेत. आंब्याला मोहोर येतो त्या दिवसांत फुलतो तो आंबिया बहार. त्याचा माल दिवाळीच्या मागेपुढे निघतो. मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार. तो उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. म्हणून गिऱ्हाईक फळाचं नावच घेत नाही. "आंबिया हाय का मृग?" एवढंच विचारतं. नक्षत्रावरून फळ ओळखणारी ही भाषा. तोडणीला, निवडायला, प्रतवारीला हात बायांचे, त्यामुळे ही भाषाही त्यांच्याच तोंडी जास्त.

आणि मग हे शेवटचं नाव आलं. देशी दारूला संत्र्याचा वास आणि रंग दिला, लेबलावर नाव छापलं. नारंगी आणि मोसंबीचीही तीच गत केली. शब्दाचं लिंगसुद्धा बदललं, बघा. माणूस संत्रा 'खाल्ला' म्हणतो, पण संत्रा 'घेतली' म्हणतो. ऐरावतापासून निघालेलं नाव पव्व्यात येऊन बसलं. ज्या घरात मजुरीचा पैसा त्या पव्व्यात जातो, तिथं लेकरू हा शब्द ऐकून फळाकडे पाहत नाही, दाराकडे पाहतं.

बाटली हटवायचा एक रस्ता कायद्यात आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की पडताळणी होऊन गुप्त मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. हे नीट लक्षात घ्या, मैत्रिणींनो. निम्मी मतं यादीच्या लागतात, आलेल्या बायांच्या नव्हे. म्हणजे जी त्या दिवशी घरी राहिली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेलं.

मतदानाला वेळ लागेल. नावाला लागत नाही. येत्या बाजारी आम्ही चौघी तिच्या पाटीशेजारी बसणार आहोत. हाक पूर्ण नावानंच द्यायची: "संत्रा घ्या, आंबियाचा संत्रा!" कोणी बाटलीचं विचारलंच, तर त्याला अमरकोशापासून सगळं सांगायचं. तेवढा वेळ आम्ही काढू.