सावे दादा : फाळक्यांच्या आधीचा कॅमेरा

१/ दादासाहेब फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे. १९४४ साली त्यांचे निधनही नाशिकलाच झाले. त्यामुळे भारतीय चित्रपटाची गोष्ट आपण नाशिककर ३ मे १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून सुरू करतो. मात्र त्याच्या १४ वर्षे आधी मुंबईत एक मराठी छायाचित्रकार चलच्चित्रे टिपत होता. योगायोग असा, की त्याचेही नाव हरिश्चंद्रच होते.

२/ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा. व्यवसाय छायाचित्रणाचा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. हा नवा चमत्कार पाहून सावे दादांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला.

३/ १८९९ साली त्यांनी पहिले चित्रण केले, ते हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी हे त्यातले पैलवान. दुसऱ्या चित्रणाचा विषय होता माकडांना खेळ शिकवणारा मदारी. फिती धुण्यासाठी लंडनला पाठवाव्या लागत. त्या परत येईपर्यंत चित्र उमटले की नाही, हेही कळत नसे.

४/ विषयांची ही निवड लक्षणीय आहे. ल्युमिएर बंधूंनी कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार टिपले. सावे दादांनी आपल्या शहरातले पैलवान आणि मदारी टिपले. भारतीय कॅमेऱ्याने देवादिकांच्या कथा सांगण्याआधी रस्त्यावरचा माणूस पाहिला होता.

५/ १९०१ साली र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले. १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत ‘सीनियर रँग्लर’ हा सर्वोच्च मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईत झालेले त्यांचे स्वागत सावे दादांनी चित्रित केले. भारतीयाने घेतलेला हा पहिला वृत्तपट मानला जातो. परकीय सत्तेच्या काळात एका देशी विद्वानाचा सन्मान पडद्यावर आला, हे त्याचे महत्त्व.

६/ १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला. म्हणजे त्याच कॅमेऱ्यासमोरून साम्राज्याचा थाटही गेला. पुढे ते चित्रणातून बाजूला झाले आणि मुंबईतील गेइटी थिएटरच्या व्यवस्थापनात रमले.

७/ फाळक्यांचे मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. त्यांचीही सुरुवात छायाचित्रणातूनच झाली होती. कथापटाआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. पण आपण कथाकाराचे स्मारक उभारले आणि नोंद ठेवणाऱ्याला पाठ्यपुस्तकातील एका ओळीत बसवले.

८/ सावे दादांच्या त्या फिती आज उपलब्ध नाहीत. त्यांविषयी आपण वाचू शकतो. त्या पाहू शकत नाही. त्या गर्दीतले चेहरे, पागोटी, रस्ता, सारेच हरवले.

९/ म्हणून एक विनंती. गोदाघाटाचे, सिंहस्थाचे, जुन्या वाड्यांचे फोटो घरोघरी असतील. त्यांच्यामागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून ठेवा. माहीतगार माणसे आहेत, तोवरच हे होईल.