डिझेल गाडीतला डीपीएफ: काशीमीऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये तो का तुंबतो आणि पिवळा दिवा लागला तर काय करायचं?

सकाळी काशीमीरा नाक्यावरून मुलांना शाळेत सोडायचं, मग मीरा रोड स्टेशन, संध्याकाळी बाजार आणि परत घर. एका खेपेला चारेक किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. गाडी नवी, डिझेलची. काही महिन्यांनी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो: एक डबी, तिच्या आत ठिपके. "बघू पुढच्या सर्व्हिसिंगला" म्हणून सोडून दिलं, की एक दिवस पिकअप जातो आणि गाडी टो करून न्यायची वेळ येते.

हा दिवा डीपीएफचा. बहुतेक वेळा गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. फक्त त्या गाडीला जसं चालवलं जायला हवं तसं ती चालत नसते. हे वेळेत कळलं तर काम अर्ध्या तासात होतं. नाही कळलं तर मोठा खर्च बसू शकतो.

डीपीएफ म्हणजे काय?

डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, सोप्या भाषेत काजळी अडवणारी गाळणी. तो इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये बसवलेला असतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो, त्यात हजारो बारीक नळ्या. शेजारच्या दोन नळ्यांपैकी एकीचं पुढचं तोंड बंद, तर दुसरीचं मागचं. त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं. वायू पार होतात, काजळी भिंतीवर अडकते. चांगल्या स्थितीतला फिल्टर ९० टक्क्यांहून जास्त काजळी अडवतो. म्हणूनच नव्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये बोट फिरवलं तर ते जवळपास स्वच्छ निघतं.

आपल्याकडे तो कधी आला?

प्रवासी कारमध्ये मोठ्या प्रमाणावर डीपीएफ आणला तो फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने, २००० साली. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. बीएस-४ मध्ये डिझेल कारला एका किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. शिवाय कणांची नुसती संख्याही मोजली जाऊ लागली. फिल्टरशिवाय ही मर्यादा गाठणं जवळपास अशक्य. त्याच वेळी डिझेलमधलं गंधकही दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणलं गेलं, कारण जास्त गंधक अशा यंत्रणेला मारक ठरतं.

एवढी खटपट कशासाठी? डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट केलं. यातले सूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर जातात. काशीमीरा नाक्यावर बसची वाट बघणारे, तिथले फेरीवाले आणि ट्रॅफिक पोलीस हे रोज श्वासात घेतात.

फिल्टर स्वतःला साफ कसा करतो?

गाळणी भरली की ती रिकामी करावी लागते. डीपीएफ हे काम काजळी जाळून करतो. त्याला रिजनरेशन म्हणतात आणि ते दोन प्रकारचं असतं.

* आपोआप होणारं: हायवेवर एकसारख्या वेगात गाडी चालली की धूर पुरेसा गरम राहतो आणि काजळी हळूहळू जळत जाते. तुम्हाला पत्ताही लागत नाही.
* गाडीने ठरवून केलेलं: फिल्टरच्या पुढचा आणि मागचा दाब सेन्सर मोजत असतो. फरक वाढला, म्हणजे फिल्टर भरत आला. मग इंजिनाचा कॉम्प्युटर नेहमीपेक्षा जास्त डिझेल सोडतो. ते फिल्टरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं, तापमान ५५० ते ६०० अंशांवर जातं आणि काजळी भस्म होते. याला साधारण १० ते २५ मिनिटं लागतात.

ही १०-२५ मिनिटं सलग मिळावी लागतात. सगळी गोम इथेच आहे.

काशीमीऱ्यात अडचण कुठे येते?

बंदरांकडून येणारे कंटेनर, घोडबंदर रोड, गुजरातकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि मीरा-भाईंदरची गावातली वाहतूक हे सगळं इथे एकत्र येतं. इंजिन तासभर चालू, पण गाडी सरकते जेमतेम. अशा वेळी एक्झॉस्ट थंड राहतो, काजळी मात्र जमत राहते. गाडी रिजनरेशन सुरू करते आणि तेवढ्यात घर येतं. चावी फिरवली, काम अर्धवट. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं काही वेळा झालं की दिवा लागतो.

रिजनरेशन चालू असल्याच्या खुणा ओळखायला शिका:

* गाडी उभी असताना आरपीएम नेहमीपेक्षा थोडा जास्त
* मायलेजचा आकडा अचानक खाली
* सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाही
* गरम, जळकट वास
* गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो

या खुणा दिसल्या आणि वेळ असेल, तर सोसायटीच्या गेटवर थांबू नका. आणखी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा. तेव्हा एक्झॉस्ट खूप तापलेला असतो, म्हणून वाळलेल्या गवतावर किंवा पालापाचोळ्यावर गाडी उभी करू नका.

पिवळा दिवा लागला तर

फक्त डीपीएफचा दिवा आहे: घाबरू नका, पण टाळूही नका. आधी टाकीत पुरेसं डिझेल आहे ना बघा, कारण रिझर्व्हवर आलेली गाडी बऱ्याचदा रिजनरेशन सुरूच करत नाही. मग हायवेला काढा. काशीमीऱ्याहून सोयीचं म्हणजे रविवारी पहाटे वरसावे पूल ओलांडून चिंचोटी, वसई फाटा करत विरार फाट्यापर्यंत जाऊन यायचं. वेग ६० ते ८० च्या दरम्यान, वेगमर्यादा पाळूनच. आरपीएम २,००० च्या आसपास ठेवा, गरज पडली तर एक गिअर खाली. इथे वेगापेक्षा एकसारखी उष्णता महत्त्वाची. २०-२५ मिनिटांत दिवा सहसा जातो. नेमकी पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते, ती एकदा वाचून ठेवा.

सोबत चेक इंजिनचा दिवाही आहे, पिकअप गेलाय: आता हायवेवर पळवून उपयोग नाही. दुसरा बिघाड नोंदला गेला की गाडी बऱ्याचदा रिजनरेशन थांबवते. सर्व्हिस सेंटरला न्या. तिथे स्कॅनर लावून जबरदस्तीने रिजनरेशन करता येतं. ते का तुंबलं हेही विचारा, कारण सेन्सर, इंजेक्टर किंवा टर्बोचा दोष असेल तर साफ केलेला फिल्टर पुन्हा भरेल.

तरीही दुर्लक्ष केलं: फिल्टर इतका भरतो की तो जाळणंच धोक्याचं ठरतं. मग उतरवून सफाई किंवा नवा फिल्टर. नव्याची किंमत अनेक गाड्यांत लाखाच्या घरात जाते. वापरामुळे तुंबलेला फिल्टर वॉरंटीत बसतो का, हे आधीच विचारून ठेवा.

ऑइल आणि राख

चुलीतला कोळसा जळतो, पण राख उरते. इथेही तसंच. काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधल्या रसायनांची राख फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच टाका. गॅरेजवाला "हे पण चालतं" म्हणाला तरी डब्यावरचा ग्रेड स्वतः बघा.

दुसरं, अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनचं थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. महिन्यातून एकदा डिपस्टिक बघा. ऑइलची पातळी वर चढलेली दिसली तर ते पातळ झालंय, लगेच बदला.

कॅराव्हॅन किंवा क्वचित निघणारी गाडी असेल तर

डिझेल व्हॅनवर बांधलेली कॅराव्हॅन महिनोन्‌महिने उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून बरेच जण आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात. डीपीएफसाठी ही सवय वाईट. थंड इंजिन काजळी करतं आणि ती जाळायची संधी मिळत नाही. बॅटरीला चार्जर लावा आणि महिन्यातून एकदा गाडी खरोखर लांब फिरवून आणा.

फिल्टर काढूनच टाकला तर?

"आतलं पोळं काढतो, कॉम्प्युटर सेट करतो, कटकट संपली," असा सल्ला मिळतोच. ऐकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही. कलम १८२-ए नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसीच्या मशीनमधून गाडी पास झाली म्हणून बदल कायदेशीर होत नाही. तिथे धुराचा दाटपणा मोजतात, सूक्ष्म कण मोजत नाहीत. आणि नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जायचं ते जातंच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

युरिया म्हणजे डीईएफ भरला की डीपीएफ साफ होतो का?
नाही. डीईएफ नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी असतं, त्याची टाकी वेगळी. ते डिझेलच्या टाकीत चुकूनही ओतू नका.

उभ्या गाडीला रेस दिली तर दिवा जाईल का?
सहसा नाही. उलट काजळी वाढते. काही गाड्यांत उभ्याने रिजनरेशन करायचं बटण असतं, ते असेल तर मॅन्युअलप्रमाणे वापरा.

मग डिझेल गाडी घ्यावी की नाही?
दर आठवड्याला सुरत, नाशिक किंवा कोकणात फेरी होत असेल तर खुशाल घ्या, डीपीएफ कधी आठवणारही नाही. पण गाडी काशीमीरा ते स्टेशन एवढीच फिरणार असेल, तर पेट्रोल, सीएनजी किंवा इलेक्ट्रिक बघा. डिझेल आधीच दारात उभी असेल तर आठवड्यातून एक पहाट तिच्यासाठी राखून ठेवा.