गोरिलाच्या दर्शनाच्या वाटा

माझा एक जुना विद्यार्थी पूर्व आफ्रिकेत नोकरीला आहे. रानातला गोरिला पाहावयाचा म्हणून त्याने तेथल्या निरनिराळ्या सफरींची यादी दरांसकट मला पाठविली आणि विचारले, "गुरुजी, यातली कोणती धरू?" वाचकहो, मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, कादंबऱ्या लिहिल्या तरी विषुववृत्त ओलांडले ते नकाशावरच. पण इतिहास शिकविणाऱ्याला एक खोड असते. कोणी वाट विचारली की त्या वाटेने आधी कोण गेले, हे तो पाहू लागतो.

सर्वांत जुनी वाट बंदुकीची. 1902 च्या ऑक्टोबरात कॅप्टन रॉबर्ट फॉन बेरिंगे हा जर्मन अधिकारी व्हिरुंगा पर्वतराजीतले साबिन्यो शिखर चढत होता. वर मोठी काळी वानरे दिसताच त्याने गोळ्या झाडल्या. दोन पडली, त्यातले एक हाती लागले, ते बर्लिनला गेले. पुढच्याच वर्षी पाउल माट्शी या प्राणिशास्त्रज्ञाने या डोंगरी गोरिलाला शास्त्रीय नाव दिले, तेही मारणाऱ्याचे! जगाला या प्राण्याची ओळख पटली ती अशी प्रेतावरून.

1921 साली त्याच डोंगरांत कार्ल एकली हा अमेरिकन आला. मेलेल्या जनावरांच्या हुबेहूब प्रतिमा उभ्या करण्यात त्याचा हातखंडा होता. न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी त्याच्या चमूने पाच गोरिला मिळविले. पण मारलेल्या नराचा चेहरा पाहताना आपण खुनी आहोत ही भावना दाबणे त्याला जड गेले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. याच खेपेस त्याने स्वतः बनविलेल्या कॅमेऱ्याने जिवंत गोरिलांचे चलच्चित्रही घेतले. पुढे बेल्जमचा राजा आल्बर्ट याच्याकडे त्याच्यासारख्यांनी रदबदली केली आणि 1925 साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. 1926 मध्ये एकली तेथेच आजाराने वारला. मिकेनो पर्वताच्या उतारावर, काबारा नावाच्या माळाजवळ, त्याला पुरले.

त्याच काबाराला 1959 साली जॉर्ज शॅलर हा तरुण शास्त्रज्ञ पत्नीसह राहावयास आला. त्याच्यापाशी बंदूक नव्हती. तो लपूनही बसत नसे. गोरिलांना दिसेल असा उघड्यावर बसे आणि वहीत टिपणे करी. हळूहळू त्यांनी त्याला चालवून घेतले. ज्याला पुस्तकांनी राक्षस ठरविले होते, तो पालेभाजी खाणारा, लेकराबाळांचा, शांत कुटुंबवत्सल प्राणी निघाला.

1967 पासून डायन फॉसी हिने रवांडाच्या बाजूला हेच व्रत घेतले. तिचा लाडका गोरिला डिजिट. त्याचे छायाचित्र पर्यटनाच्या जाहिरातीवर झळकले. आणि 1977 च्या अखेरच्या दिवशी चोरट्या शिकाऱ्यांनी त्याला मारून त्याचे डोके व हात कापून नेले. फॉसीला पर्यटक नको होते. पण तेव्हाच उद्यानाची जमीन तोडून गुरांना देण्याची योजना पुढे आली. उपाशी देशाला 'जंगल राखा' एवढे सांगून भागेना. तेव्हा 1979 साली बिल वेबर आणि एमी व्हेडर यांच्या पुढाकाराने निराळा डाव मांडला गेला: थोडेच पाहुणे आणावयाचे, त्यांच्याकडून पैसे घ्यावयाचे आणि त्यातून जंगल राखावयाचे.

तो डाव यशस्वी झाला. 1981 च्या मोजणीत व्हिरुंगात 254 गोरिला होते. 2015-16 च्या मोजणीत 604 भरले. आज रवांडात परवान्याला 1500 डॉलर पडतात, युगांडात त्याहून कमी. एका कळपाला दिवसात आठच पाहुणे, तेही एक तास. तोंडाला मुसके, मध्ये अंतर. पडसे झालेल्याला परत पाठवितात, कारण आपले पडसे त्यांना जीवघेणे ठरू शकते.

पण या यशाला दुसरीही बाजू आहे. 1991 साली युगांडात बविंडीचे राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्या रानावर जगलेल्या बाट्वा लोकांना बाहेर घालविले. त्यांना हक्काची जमीन मिळाली नाही. मेळघाटातल्या गावांची उठवणी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे दुःख समजावून सांगावयास नको.

आता यादीतल्या उरलेल्या दोन वाटा. बविंडीच्या दक्षिणेस, माणसाची सवय होत असलेल्या कळपाबरोबर चार तास राहता येते. आणि काँगो प्रजासत्ताकात म्बेली येथे दलदलीच्या कडेला उंच मचाण आहे. तेथे बसून राहावयाचे. सखल रानातले गोरिला पाणवनस्पती खावयास आले तर दिसतील, न आले तर नाहीत. मला मनापासून आवडते ती ही मचाण. तेथे गोरिलाला आपला स्वभाव बदलावा लागत नाही.

तरी मी विद्यार्थ्याला एका तासाची डोंगरवाटच धरावयास लिहिले. त्याचे कारण रफिकी. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ मित्र. हा बविंडीतला माणसाळलेला नर. 2020 च्या मार्चमध्ये महामारीने पाहुणे थांबले, आणि जूनमध्ये लहान जनावरांसाठी आलेल्या शिकाऱ्याच्या भाल्याने रफिकी मेला. रानात पाहुणे असते तर तो वाचलाच असता असे मी म्हणत नाही. पण ज्या कळपांना आपण भय विसरावयास शिकविले, त्यांच्याकडे पाठ फिरविण्याची मोकळीक आपल्याला उरली नाही. त्यांच्या राखणदाराचा पगार आता पाहुण्याच्या परवान्यातूनच निघतो.

चार तासांची वाट मात्र नको, असे मी निक्षून लिहिले. नवे कळप माणसाळविण्याच्या कामात आपण हौसेखातर हात घालू नये. एक तास पुरे. आणि जमल्यास ओझे वाहावयास एखादा बाट्वा गडी घ्यावा, त्याला चांगली मजुरी द्यावी आणि वर चढताना त्या रानाच्या गोष्टी त्याच्या तोंडून ऐकाव्यात. परवान्याच्या दरात तेवढे मिळत नाही.