हत, हताश, हत्या

सोलापूरहून सकाळी पुण्याला निघणाऱ्या गाडीला इथली माणसं नुसतं ‘हुतात्मा’ म्हणतात. ‘हुतात्मानं जातोय, रात्री परत येतो.’ हे नाव शहरानं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यासाठी जपलं आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी इंग्रज सरकारनं या चौघांना येरवड्यात फाशी दिली. ‘हुत’ म्हणजे आहुती दिलेलं. सावरकरांनी रूढ केलेल्या या शब्दात ‘आत्मा’ आदरानं उभा आहे. ‘आत्महत्या’ या शब्दात मात्र तोच आरोपी होऊन बसला आहे.

वास्तविक ‘आत्महत्या’तला ‘आत्म’ म्हणजे फक्त ‘स्वतः’. आत्मचरित्र, आत्मविश्वास, आत्मनिर्भर यांतही तोच आहे, आणि आत्मचरित्राला कुणी आत्म्याचं चरित्र समजत नाही. इथं मात्र आत्म्याची हत्या असा अर्थ लावला जातो, कारण शेजारी ‘हत्या’ आहे. ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या हा तिचा गोतावळा. सगळा पापाचा आणि गुन्ह्याचा. ईशावास्योपनिषदातला ‘आत्महन’ हा शब्दही पुष्कळदा या अर्थानं ओढून आणतात. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ आत्मस्वरूप न ओळखणारे अज्ञानी जन असा केला आहे. जगणं असह्य झालेल्या माणसाचा तिथं विषयच नाही. पण पापाचा डाग एकदा लागला की घरच्यांना मोकळेपणानं रडताही येत नाही. ‘अचानक गेला’ एवढंच सांगितलं जातं.

सोलापुरात शब्द बदलून पाहिला तरी सुटका नाही. पूर्व भागातल्या तेलुगू घरात ‘आत्महत्य’, अक्कलकोटकडच्या कन्नडमध्ये ‘आत्महत्ये’, उर्दूत ‘खुदकुशी’. त्यातलं ‘कुशी’ही मारण्याच्या अर्थाच्या फारसी क्रियापदातून आलेलं. चारही भाषा शेवटच्या कृतीकडे बोट दाखवतात. त्याआधीच्या महिन्यांबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

ते महिने सांगणारे शब्द आहेत, आणि गंमत म्हणावी की दुःख, तेही ‘हत्या’ ज्यातून आला त्याच ‘हन्’ धातूचे आहेत. हताश म्हणजे जिची किंवा ज्याची आशा हत झाली आहे असा माणूस. हतबल म्हणजे ज्याचं बळ हत झालं आहे. बहुतेकदा आशा आणि बळ आधी जातात. त्या वेळी माणूस आपल्यातच असतो. जेवायला बसतो, यंत्रमागावर पाळी करतो, विड्या वळतो. मदतीला जायचं ते या टप्प्यावर, आणि त्यासाठी पुरेसा वेळ बहुधा असतो. शब्दचर्चेत एरवी मी धातूंना फार अर्थ चिकटवत नाही, पण हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र हा क्रम एका शब्दात गुंडाळला जातो: ‘कंटाळून’. कर्जाला कंटाळून, आजाराला कंटाळून, सासरच्या छळाला कंटाळून. कंटाळा गृहपाठाचा येतो, रोजच्या वरणाचा येतो. रात्र-रात्र झोप नसणं, आपण घरच्यांना ओझं झालो आहोत असं वाटणं, उपचार न झालेलं नैराश्य, दारू, अपमान, एकटेपणा हे सगळं त्या शब्दात मावत नाही. शिवाय एकच कारण सांगितल्यानं, तेच दुःख भोगणाऱ्या वाचकाला तोच एक रस्ता असल्यासारखा भासतो. ‘प्रयत्न अयशस्वी ठरला’ हेही तसंच. माणूस वाचला, याला अपयश कसं म्हणायचं? ‘बचावला’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे. भारतीय पत्रकार परिषदेनं २०१९ मध्ये अशा बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. पद्धतीचं वर्णन टाळावं, मथळे भडक करू नयेत, हे त्यात आहे.

कायद्याची भाषा आधी बदलली. १८६० च्या दंड संहितेतलं ३०९ कलम बचावलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवत होतं. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मारुती दुबळ खटल्यात ते रद्द ठरवलं, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवलं. मग २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानं सांगितलं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरावं, त्याच्यावर खटला चालवू नये आणि सरकारनं त्याला उपचार व पुनर्वसन द्यावं. ताण! ‘तन्’, म्हणजे ताणणं, या धातूचा हा शब्द सोलापूरला नवा नाही. मागावरचा उभा धागा तो ताणा. तो तुटला की विणकर धाग्याला दोष देत बसत नाही. माग थांबवतो आणि गाठ मारतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम त्या रूपात उरलेलं नाही.

उरतो प्रश्न घरात कोणता शब्द वापरायचा हा. ‘मरायच्या धमक्या देतो’, ‘नाटकं करते’ हे शब्द आधी सोडायला हवेत. ‘माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही’ असं कुणी म्हणालं, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर गंभीरपणे घ्यावं. आपल्या बायाबापड्यांकडे विचारण्याची एक जुनी, मऊ रीत आहे: ‘जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं मनात येतंय का रे?’ विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार घुसतो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश करू नये, ‘लोक काय म्हणतील’ हे तर काढूच नये. ऐकावं, एकटं सोडू नये, धोक्याच्या वस्तू हाताशी राहू देऊ नयेत. सोबत डॉक्टरकडे जावं. सोलापुरात ‘सिव्हिल’, म्हणजे सरकारी रुग्णालय, आहेच. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’चा क्रमांक १४४१६, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. त्या माणसानं नकार दिला, तर घरच्यांनी किंवा मित्रानं फोन केला तरी चालतो.