मधल्या इयत्तांचा जमाखर्च

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शाळा, शिक्षक, पाठ्यपुस्तके आणि फार तर एखाद्या द्रष्ट्या संस्थापकाचे चरित्र यांविषयी लिहितो. जमाखर्चाची वही क्वचितच उघडतो. वास्तविक कोणत्या मुलाला किती शिकवायचे हे राज्यकर्त्यांच्या मनात काय होते, ते भाषणांपेक्षा त्या वहीतच अधिक स्पष्ट दिसते. भारतापुरते पाहिले तर खालच्या इयत्तांची जबाबदारी सरकारने निदान तत्त्वतः मान्य केली आणि विद्यापीठांना प्रतिष्ठेपोटी पोसले. या दोहोंमधल्या इयत्ता, म्हणजे साधारणतः अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांचे वर्ग, मात्र दीर्घकाळ समाजाच्या ओंजळीवर सोडून दिले. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या कितीतरी शाळा त्या ओंजळीतूनच उभ्या राहिल्या असल्याने हा विषय आकडेवारीचा असला तरी आपल्याला परका नाही.

या व्यवस्थेचे मूळ १८५४ च्या वुडच्या खलित्यात आहे. सरकारने सर्वत्र स्वतः शाळा काढण्यापेक्षा खासगी प्रयत्नांना अटींवर अनुदान द्यावे, हे तत्त्व त्याने घालून दिले. १८८२ च्या हंटर आयोगाने त्याची वाटणी ठरवली. प्राथमिक शाळा नगरपालिका व लोकल बोर्डांकडे जाव्यात आणि माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घेऊन ते खासगी संस्थांवर सोपवावे, असा त्याचा रोख होता. याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार होती. शैक्षणिक अर्थकारणावरचे मराठी माणसाचे इतके थेट भाष्य त्यापूर्वी क्वचितच झाले असेल.

मुंबई इलाख्यात या वाटणीने एक विचित्र प्रकार घडवला. मराठी चौथी संपली की मुलापुढे दोन वाटा असत. एक मराठी पाचवी, सहावी, सातवी अशी व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत जाणारी. ती लोकल बोर्डाच्या शाळेतून, नाममात्र फीवर पार पडे आणि शेवटी प्राथमिक शिक्षकाच्या किंवा तलाठ्याच्या नोकरीपाशी थांबे. दुसरी वाट इंग्रजी पहिलीची. ती मॅट्रिकपर्यंत आणि पुढे कॉलेजात जाई. पण तिची फी भरावी लागे, नाहीतर नादारीसाठी अर्ज करावा लागे. दोन्ही मुले एकाच वयाची, कधी एकाच गल्लीतली. परंतु एकाचा खर्च प्राथमिकच्या खात्यावर पडे आणि दुसऱ्याचा माध्यमिकच्या. पहिल्या वाटेवरचा मुलगा दुसऱ्या वाटेवर जाऊ लागला तर त्याची वर्षे फुकट जात. स्वतंत्र असे ‘मधले’ खाते कोणत्याच वहीत नव्हते.

संस्थानांचे चित्र काही बाबतींत उजळ होते. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यभर लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये हेच पाऊल उचलले. ब्रिटिश मुलखासाठी गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक मात्र पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. खर्चाचा प्रश्न हे विरोधाचे एक मोठे कारण होते. पण या साऱ्या गौरवशाली प्रयत्नांचा भर खालच्या इयत्तांवर होता, हेही नमूद केले पाहिजे. त्यापुढचे काम लोकांचे. निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले, तेव्हा हैदराबादच्या मराठी मंडळींनी १९०७ मध्ये विवेकवर्धिनी उभी केली, ती याच पोकळीत.

१९१९ च्या सुधारणांनी शिक्षण खाते प्रांतिक मंत्र्यांच्या हाती आले आणि त्याबरोबर अबकारी उत्पन्नही. परिणामी दारूचा कर आणि मुलांची शाळा यांची गाठ पडली. १९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, तेव्हा दारूबंदी करावी तर शाळांना पैसा कोठून आणावा, हा पेच गांधीजींपुढे उभा राहिला. वर्धा योजनेकडे आपण हस्तव्यवसायाचे शिक्षण म्हणून पाहतो, पण तिचा जन्म बऱ्याच अंशी या जमाखर्चातून झाला. मुलांच्या सूतकताईतून आणि इतर कामातून शिक्षकाचे वेतन निघावे, ही त्यामागची अपेक्षा होती. मुलांच्या श्रमावर शाळा चालवण्याची कल्पना त्या काळीही अनेकांना रुचली नाही, आणि आम्हालाही ती पटत नाही. तथापि त्या योजनेने सात ते चौदा वयाचे सात वर्षांचे सलग शिक्षण मागितले आणि चौथीनंतरची भेग बुजवू पाहिली, हे श्रेय तिला द्यायलाच हवे.

सार्जंट योजनेने १९४४ मध्ये आठ वर्षांच्या मोफत शिक्षणासाठी चाळीस वर्षांची मुदत मागितली. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहाच वर्षांत ते साधण्याचे ठरवले. संकल्प आणि तिजोरी यांतील हे अंतर पुढच्या आकड्यांत दिसते. १९५१-५२ मध्ये शिक्षणावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत शिक्षणाच्या तरतुदीपैकी निम्म्याहून अधिक भाग प्राथमिककडे गेला. चौथ्या योजनेपर्यंत तो ३० टक्क्यांच्या आसपास उतरला आणि विद्यापीठांचा वाटा वाढला.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाचे उद्दिष्ट ठेवले, हे सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. याच आयोगाने ‘निम्न माध्यमिक’ टप्पा वेगळा ओळखून, शक्यतो पाचव्या योजनेच्या अखेरीपर्यंत तेथील फी रद्द करावी असे सुचवले. ही शिफारस मात्र फारशी कोणाला आठवत नाही. देशभर तसे घडले नाही. राज्यांनी आपापल्या परीने वाटा काढल्या. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची ई.बी.सी. सवलत आली आणि फीअभावी घरी बसणारी असंख्य मुले हायस्कुलात गेली. आमच्या मते मधल्या इयत्तांवर झालेल्या खर्चांपैकी हा सर्वांत फलदायी खर्च.

१९९०-९१ पर्यंत शिक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३.८ टक्क्यांवर आणि २०००-०१ मध्ये ४.३ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. नंतरच्या चार-पाच वर्षांत तो पुन्हा घसरला. वाढत्या लोकसंख्येला नव्या माध्यमिक शाळा हव्या होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी राज्ये हात आखडू लागली. महाराष्ट्राने २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ असा शब्दप्रयोग रूढ केला. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द वगळला गेला; अनुदान मिळवण्यासाठी मात्र शिक्षकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली.

केंद्राची कथाही वेगळी नाही. सर्व शिक्षा अभियान २००१ मध्ये आले. माध्यमिकसाठीचे अभियान यायला २००९ उजाडले. प्राथमिकसाठी २००४ मध्ये दोन टक्के उपकर लावला आणि पुढच्याच वर्षी त्याचा स्वतंत्र कोश झाला. माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी २००७ मध्ये एक टक्का उपकर लावला, पण त्याच्या कोशाला मंजुरी मिळाली २०१७ मध्ये. तोवर जमा झालेल्या ८३ हजार कोटींहून अधिक रकमेसाठी स्वतंत्र निधीच नसल्यावर महालेखापरीक्षकांनी बोट ठेवले. करदाते दहा वर्षे ज्या नावाने पैसे भरत होते, त्या नावाचे खातेच उघडलेले नव्हते.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि चौथीची जुनी भेग आठवीवर सरकली. २०२० च्या धोरणाने अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा केली आहे. कायद्याची मर्यादा चौदाच राहिली. केंद्राच्या योजनेतले दुपारचे भोजन आठवीपर्यंतच आहे. कर्नाटकासारख्या राज्यांनी ते स्वतःच्या तिजोरीतून दहावीपर्यंत नेले. जेथे तसे झाले नाही, तेथे आठवी आणि नववी एकाच इमारतीत भरत असली तरी मधल्या सुट्टीत एक वर्ग ताटाशी बसतो आणि शेजारचा बसत नाही.