टाइलवरचा रंग, रंगाखालची टाइल



आपल्या गावातून मुंबईला गेलेलं प्रत्येकीचं कुणी ना कुणी असतंच. माझी आत्या लालबागला चाळीत राहते. मागच्या दिवाळीआधी तिच्या सुनेनं ओट्यामागच्या जुन्या टाइल्सना रंग द्यायचं काढलं, म्हणून मी हाताखाली गेले. आत्या ओट्याशी उभी राहून म्हणाली, "ह्या टाइल्स लावल्या तेव्हा मी भिंतीचा रंग खरवडला होता गं. आता तुम्ही टाइल्सवर रंग लावा!" आम्ही हसलो. पण तिच्या बोलण्यात मुंबईच्या भिंतींची सव्वाशे वर्षं आहेत.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, आधी मांडवी भागात. सरकारी माणसं घरात शिरून भिंतींना चुना मारत, उजेड यावा म्हणून कौलं उतरवत. घर राहण्यालायक नाही असं वाटलं तर त्यावर 'यू.एच.एच.' अशी इंग्रजी अक्षरं रंगवून जात. बायकामाणसांच्या घरात परके पुरुष घुसले, त्याचा लोकांना फार संताप आला. १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. प्लेग भिंतीतून नव्हे, उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे पुढे पक्कं कळलं. तरी भिंत स्वच्छ धुता आली पाहिजे ही ओढ, मला वाटतं, तेव्हापासून शहराच्या मनात बसली.

तशी गुळगुळीत टाइल मुंबईला नवी नव्हती. राणीच्या बागेतलं म्युझियम १८७२ साली उघडलं, तिथं इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या फरश्या आहेत. पण ते श्रीमंती काम. पुढे जपानहून उठावाच्या नक्षीच्या रंगीत टाइल्स येऊ लागल्या. त्यांत कमळं, मोर आणि चक्क आपले देव! राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्यासारखी चित्रं पाहून जपानी कारागिरांनी लक्ष्मी-सरस्वती टाइलवर उठवल्या आणि आपल्यालाच विकल्या. आज जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून सगळ्या धर्मांचे देव ओळीनं लावतात. त्या बिचाऱ्या देवांना हेही काम लागलं.

१९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी भारत टाइल्स सुरू केली. बाहेरून येणाऱ्या मालाला स्वदेशी उत्तर, असा तो काळ. पण त्यांची लादी सिमेंटची, भट्टीत न भाजलेली. तिचा रंग वरच्या जाड थरातच असतो. गिरगाव-दादरच्या जुन्या घरांत अशी नक्षीची जमीन अजून दिसते. तिला रंग लावू नये, मळली तर घासून पॉलिश करावी.

त्याच दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. २०७ इमारती, एकेक खोली १६० चौरस फूट. गिरणगावातल्या अशा खोल्यांत टाइल्स कुठल्या? ओट्यामागे चुना, पैसे जमले की ऑइलपेंटचा पट्टा. फोडणीचे डाग पुसले जायचे ते त्याच्यावरूनच. १९५८ नंतर ठाण्यात जॉन्सनच्या टाइल्स बनू लागल्या, पुढे गुजरातेतल्या मोरबीचा माल आला, आणि पांढरी टाइल चाळीतही पोचली. आत्यानं भिशीच्या पैशातून लावल्या त्या ह्याच.

मग आता रंग का? इमारत पुनर्विकासात पाडायची आहे, कधी ते कुणी सांगत नाही. तोवर नव्या टाइल्सवर पैसे कोण घालणार? आणि छिन्नी मारली की हादरे शेजारच्या भिंतीलाही बसतात.

टाइलची वरची कातडी काचेची असते, काचेला रंग धरत नाही. म्हणून धुण्याच्या सोड्यानं तेलकटपणा काढायचा, पूर्ण वाळवायचं, पॉलिश पेपरनं चकाकी मोडायची, गुळगुळीत पृष्ठभागाचा प्रायमर मारायचा आणि मग दोन हात रंग. आम्ही ओट्यामागे हे सगळं नीट केलं, ते टिकलंय. मोरीत घाई केली, ओल राहिली. होळीला तिथले पापुद्रे सुटले.

एक सांगते, ते ऐकाच. फार जुन्या रंगीत टाइल्सच्या झिलईत आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. टाइल नुसती भिंतीवर असली तर भीती नाही. कोरडी घासली की धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या पोटात जाते. म्हणून जुनी टाइल कोरडी घासू नये, आणि काम चालू असताना पोरांना, गरोदर बाईला त्या खोलीत ठेवू नये.

आत्याच्या ओट्यामागे मधोमध एक वेगळी टाइल आहे, उठावाच्या कमळाची. गिरगावात एक घर पाडत होते, तिथून आतोबांनी मागून आणलेली. सुनेला सगळी भिंत एकसारखी हवी होती. दोघी सकाळभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. दुपारी सुनेनंच कागदाची पट्टी आणून त्या कमळाभोवती चिकटवली आणि बाकीचा रंग पुरा केला.

परवा आत्याचा फोन होता. ती टाइल अख्खी निघेल का, असं तिनं गवंड्याला विचारलंय. तो म्हणाला, सिमेंटात पक्की बसलीय, आताच काही सांगता येत नाही.